हायब्रिडने पुणे ते गोवा: टाकीचा खरा हिशोब

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली गाडी, घेऊन पहिल्यांदा गोव्याला निघालो तेव्हा वाटेत कोल्हापूरला मेहुण्याकडे जेवायला थांबलो होतो. ताटं मांडायच्या आधीच त्याने विचारलं, "दाजी, ॲव्हरेज किती पडलं?" मी मीटरवर बघितलेला आकडा सांगितला, अठराच्या आसपास. त्याच्या दारात जुनी डिझेल उभी होती. "अठ्ठावीस म्हणत होता नव्हं?" एवढंच बोलून त्याने पांढऱ्या रश्श्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

त्या फेरीत मी करता येतील तेवढ्या चुका केल्या होत्या. छपरावर कॅरिअर, त्यावर ताडपत्रीत बांधलेल्या दोन बॅगा, टायरमध्ये कधीतरी भरलेली हवा आणि सातारा सोडल्यावर काटा शंभर-एकशेदहावर. घरी येऊन टाकी भरली तेव्हा हिशोब झाला १,०१८ किलोमीटरला ५९.४ लिटर, म्हणजे १७.१. पुढच्या वर्षी तीच गाडी, तीच चार माणसं, तोच रस्ता. १,०३४ किलोमीटरला ४६.८ लिटर, म्हणजे २२.१. अठ्ठावीस तेव्हाही पडले नाहीत आणि पडणारही नाहीत. ते का, हे आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या सगळ्या युक्त्या अंधारात मारलेल्या दगडासारख्या होतात.

आधी, २८ हा आकडा येतो कुठून

हे सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे. जी गाडी निव्वळ मोटरवर थोडं अंतर जाऊ शकते ती. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा माइल्ड हायब्रिड नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मोटर फक्त इंजिनाला हात देते, गाडी एकटी ओढत नाही. त्यांना यातलं वेगाचं आणि हवेचं प्रकरण लागू आहे, बॅटरीचं फारसं नाही.

आपल्याकडे मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या दीड लिटरच्या जुळ्या हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. होंडा सिटी हायब्रिड २०२२ मध्ये आली तेव्हा तिचा २६.५ होता. हे आकडे खोटे नाहीत. पण ती चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. वेग कधीही ताशी ९० च्या वर जात नाही, सगळ्या चाचणीचा सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास पडतो आणि एसी बंद असतो. थोडक्यात, थांबत-थांबत शहरातून जाणाऱ्या गाडीसारखी ती चाचणी आहे आणि हायब्रिडचं माहेर तिथेच आहे. सिग्नलला इंजिन बंद, निघताना मोटर, थांबताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालून वेगाची वीज बनवते, ती परत बॅटरीत.

हायवेवर यातलं काहीच होत नाही. ब्रेक नाही म्हणजे परत मिळणारी वीज नाही. तासन् तास इंजिन चालूच. तिथे हायब्रिड म्हणजे एक चांगल्या इंजिनाची पेट्रोल गाडी, बास. शहरात गाडीच पेट्रोल वाचवते. हायवेवर ते तुमच्या उजव्या पायाला वाचवावं लागतं. डिझेलवाले मेहुणे हायवेवर वरचढ ठरतात ते यामुळेच.

बॅटरी म्हणजे चिल्लरचा डबा

ग्रँड विटारा-हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची आहे. विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. त्यातलंही सगळं गाडी वापरू देत नाही. बॅटरी टिकावी म्हणून साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधलीच जागा वापरली जाते. म्हणजे हाती उरलं फार तर तिसरा हिस्सा युनिट.

आता पेट्रोल बघा. एका लिटरमध्ये उष्णतेच्या हिशोबाने आठ-नऊ युनिट असतात. हायब्रिडचं इंजिन चांगल्या परिस्थितीत त्यातले ३५ ते ४० टक्के चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे तीनेक युनिट. याचा अर्थ भरलेली बॅटरी म्हणजे शंभर मिलीलिटर पेट्रोल. चहाचा एक कप. दीड-दोन किलोमीटरची मजा.

म्हणून हायवेवर हिरवा 'ईव्ही' दिवा (गाडी निव्वळ मोटरवर चालल्याची खूण) पेटता ठेवण्यासाठी जी मंडळी पाय चोरून, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात गाडी चालवतात, त्यांची कीव येते. त्या बॅटरीत वीज आली कुठून? उतारावरून किंवा ब्रेकमधून आली असेल तर फुकटची. बाकी सगळी इंजिनाने पेट्रोल जाळून भरलेली. जनरेटरमधून बॅटरीत जाताना थोडी गळाली, बॅटरीतून मोटरकडे येताना आणखी थोडी. जी वीज फुकटची नाही ती वापरण्यात वाचत काहीच नाही, उलट दलाली जाते. सपाट हायवेवर बॅटरीकडे बघायचं सोडून द्या. गाडीचा संगणक ती चिल्लर आपल्यापेक्षा बरी सांभाळतो.

पायरी १: मोजायचं कसं ते ठरवा

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. "साहेब, राउंड फिगर करू का?" या प्रश्नाला हसून नाही म्हणा. वरून ठासून भरलेलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरू शकतं, ते दुखणं वेगळंच, आणि मोजमापही बिघडतं. ट्रिप मीटर शून्य करा. दोन ट्रिप असतात. 'बी' पूर्ण प्रवासाला ठेवा, 'ए' तुकड्यांना.

वाटेत जेव्हा जेव्हा भराल तेव्हा लिटर आणि किलोमीटर फोनमध्ये लिहा. घरी परतल्यावर त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मधली सगळी लिटरं बेरजेत घ्या आणि एकूण किलोमीटरला त्यांनी भागा. पहिल्या दिवशी भरलेली टाकी मोजायची नाही, ती फक्त सुरुवातीची खूण. इथे बरेच जण चुकतात.

एका टाकीच्या मोजणीवर फार विश्वास नको. दोन पंपांचा कट अर्धा-एक लिटर मागेपुढे होऊ शकतो. दहा लिटर भरून काढलेल्या आकड्यात तेवढ्याने दहा टक्के फरक पडतो, पंचेचाळीस लिटरवर तोच दोन टक्क्यांवर येतो. समोरच्या पडद्यावरचं ॲव्हरेज बहुतेक गाड्यांत जरा लाडात आलेलं असतं. दुसऱ्या फेरीत माझ्या पडद्यावर २३.४ होते आणि पंपाच्या पावत्यांनी २२.१ सांगितले. पडदा तुलनेला चांगला, बढाईला नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, पणजी समुद्राला टेकलेली. जाताना तुम्ही तेवढं उतरता, येताना तेवढं चढता. माणसं आणि सामान धरून सोळाशे किलोची गाडी ५६० मीटर उचलायला जवळपास अडीच युनिट लागतात, म्हणजे पाऊण लिटरहून जरा जास्त पेट्रोल. एकतर्फी आकडा गोव्यात पोचल्यावर मित्रांच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. जाऊन-येऊन मोजा.

पायरी २: आदल्या दिवशीची कामं

हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन ओळी असतात, कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. चार माणसं आणि डिकी भरून निघताय तर दुसऱ्या ओळीतला आकडा घ्या. हवा थंड टायरवर तपासायची, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत. साताऱ्याला थांबून तापलेल्या टायरची हवा बघितली तर ती तीन-चार पीएसआय जास्त दिसते, आणि पोरगा इमानदारीत ती कमी करून देतो. मग गाडी थंड झाल्यावर टायर उपाशी. स्टिकरपेक्षा जास्त हवा भरून ॲव्हरेज वाढवायचा सल्ला देणारे भेटतील; आंबोलीच्या ओल्या वळणांवर ती हुशारी नको.

कॅरिअर. सामान नसेल तर काढून ठेवा, असेल तर आधी डिकीत बसतं का ते पुन्हा एकदा बघा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे छपरावरची मोठी पेटी हायवेवर ६ ते १७ टक्के मायलेज खाते आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगाला १० ते २५ टक्के. वजनाचं तसं नाही. साधारण ४५ किलो जास्त असेल तर एक टक्का जातो. म्हणजे बॅग आत घेतली तर पै-पैशाचा खर्च, वर बांधली तर रुपयाचा. आईने दिलेला लाडवांचा डबा काढून ठेवून काही वाचत नाही, नेऊ द्या.

बॅटरीची जाळी. ही खास हायब्रिडची गोष्ट आहे आणि शोरूममध्ये ती क्वचितच कुणी सांगतं. बॅटरी थंड ठेवायला पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो. त्याची जाळी गाडीप्रमाणे मागच्या सीटखाली किंवा बाजूला असते. तुमच्या गाडीत कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. तिच्यावर शाल, उशी, चिप्सची पाकिटं गेली की बॅटरी तापते आणि गाडी तिचा वापर आखडता घेते. बोट फिरवून धूळ बघा. कुत्रं-मांजर गाडीत बसत असेल तर नक्कीच बघा.

पायरी ३: पुणे ते कोल्हापूर, म्हणजे वेग

खरी लढाई इथे आहे. सुमारे २३० किलोमीटर, चार टोल नाके, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. मधे खंबाटकीचा चढ. रस्त्याची कामं आणि वळसे तर पाचवीलाच पुजलेले.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० ला गेलात की वेग सव्वापट, पण हवेचा रेटा दीडपटीहून जास्त. १२० ला सव्वादोन पट. टायरचं घर्षण मात्र जवळपास तेवढंच राहतं. दोन्ही मिळून भरलेल्या मध्यम एसयूव्हीसाठी मी कागदावर मांडलेलं गणित असं आहे: ८० ला ज्या गाडीने लिटरमागे २४ दिले, ती १०० ला १८ च्या आसपास येते आणि १२० ला १४ च्या. हा अंदाज आहे. तुमची सेडान असेल तर ती जरा बरी निघेल, कारण ती बुटकी आणि निमुळती. हायक्रॉससारख्या रुंद गाडीला फटका जास्त.

आता घड्याळ बघा. २३० किलोमीटर सलग १०० ने गेलात तर २ तास १८ मिनिटं. ८५ ने २ तास ४२ मिनिटं. चोवीस मिनिटांचा फरक, तोही कागदावर. प्रत्यक्षात उजव्या लेनमधले ट्रक, टोल आणि उड्डाणपुलांची कामं यात त्यातला बराचसा विरून जातो. एका चहाएवढ्या वेळासाठी पावपट पेट्रोल. मी ८०-८५ धरून ठेवतो. बायकोच्या मते ही माझी वयाची लक्षणं आहेत.

जाता जाता समृद्धीबद्दल. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. वरच्याच गणिताने १२० ला १४ धरा. ७०१ किलोमीटरला ५० लिटर लागतील आणि ग्रँड विटाराची टाकी ४५ लिटरची आहे. शोरूममधला माणूस 'एका टाकीत हजार किलोमीटर' म्हणाला होता ते आठवून कुणी पंप मागे टाकला तर कठीण आहे.

काट्यावरचा वेग खऱ्यापेक्षा तीन-चारने जास्त असतो, तो एकदा फोनच्या जीपीएसशी ताडून घ्या. क्रूझ कंट्रोल सपाटीला उत्तम, पाय हलत नाही म्हणून वेग हलत नाही. पण खंबाटकीला आणि कराडच्या पुढे जिथे रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो तिथे बंद करा. चढावर वेग राखायच्या हट्टाने ते इंजिन ओरडवतं आणि माथ्यावर पोचल्यावर लगेच ब्रेक लावतं. माणसाला पुढचा उतार दिसतो, यंत्राला दिसत नाही. चढावर पाय जिथे आहे तिथेच ठेवा, वेग आठ-दहाने पडू द्या, उतारावर तो आपोआप परत येतो.

पायरी ४: पाय

टोयोटा घराण्याच्या गाड्यांत आरपीएमच्या जागी चार्ज, इको, पॉवर असा काटा असतो. होंडातही थोड्या वेगळ्या तोंडवळ्याचा असतोच. निघताना पाय फार हलका ठेवायची गरज नाही. काटा इकोच्या वरच्या टोकाला ठेवून सरळ वेग घ्या आणि मग पाय किंचित उचला. तासभर कण्हत-कुथत वेग घेण्यापेक्षा हे बरं, कारण या इंजिनाला मध्यम ओझं मानवतं, अगदी हलकं मानवत नाही.

पाय उचलायचेही दोन प्रकार आहेत. पूर्ण उचलला की गाडी लगेच वीज बनवायला लागते आणि थोडी अडखळल्यासारखी होते. अर्धा उचलून काटा चार्ज आणि इकोच्या बरोबर सीमेवर ठेवला की गाडी नुसती घरंगळते. इंजिन बंद, मोटर गप्प. पुढे शंभर मीटरवर ट्रक आहे आणि थांबायचं नाहीये, फक्त जरा मंदावायचं आहे, तेव्हा हे घरंगळणं सर्वांत स्वस्त. वेग हातचा घालवून वीज बनवायची आणि पुन्हा ती वीज खर्चून वेग बनवायचा यात दोनदा दलाली.

थांबायचंच असेल तेव्हा मात्र वीज पुरेपूर वसूल करा. टोल नाक्याची पाटी दिसली की पाय काढा, मग हलका, लांब ब्रेक. मोटर एका मर्यादेपर्यंतच वीज ओढू शकते. कचकन दाबलात की उरलेलं काम साधे ब्रेक करतात आणि ते उष्णतेत जातं. चार टोल, चाळीस गतिरोधक, प्रत्येक वेळी तीच सवय. गडहिंग्लज-आजऱ्याच्या बाजूला गावागणिक गतिरोधक आहेत. डिझेलवाला तिथे वैतागतो. आपली मात्र तिथेच कमाई.

रांगेत उभं असताना गिअर न्यूट्रलमध्ये टाकू नका. न्यूट्रलमध्ये ही गाडी बॅटरी चार्ज करत नाही, एसी मात्र बॅटरीवर चालूच राहतो. डी मध्ये ब्रेक धरा नाहीतर पी मध्ये टाका.

एसीबद्दल वाद नको. ८० च्या वेगाला काचा उघडण्यापेक्षा एसी बरा. २४-२५ वर ठेवा. गाडी उन्हात तापली असेल तर आधी दोन मिनिटं दारं उघडून वाफ जाऊ द्या.

पायरी ५: आंबोली उतरताना

कोल्हापूरकडून निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून तळाला उतरताना सोळाशे किलोची गाडी तीन युनिट ऊर्जा खर्चायला काढते. यातलं पाऊण-एक युनिट हवा आणि टायर खातात. उरतात दोन. आणि आपला डबा तिसऱ्या हिश्शाचा, त्यातही आधीच थोडी चिल्लर पडलेली. म्हणजे धबधब्याच्या पुढच्या पहिल्या काही वळणांतच तो काठोकाठ भरतो. 'घाटात बॅटरी फुल होते' असं कौतुकाने सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ती फुल झाल्यावर पुढचा सगळा घाट वाया चालला आहे.

यावर उपाय थोडाच आहे, पण आहे. आंबोली गाव यायच्या आधीचे दोन-तीन किलोमीटर सावकाश जा, ईव्ही बटण असेल तर दाबा आणि बॅटरी जितकी खाली जाईल तितकी जाऊ द्या. माथ्यावर डबा रिकामा असेल तर फुकटची चिल्लर जास्त मावेल. सगळ्या प्रवासात हिरव्या दिव्याचा हट्ट धरायची हीच एक जागा.

उतार सुरू झाला की 'बी' असं लिहिलेला गिअर असेल तर तो टाका. काही गाड्यांत स्टिअरिंगमागे पॅडल असतात. बी मध्ये गाडी स्वतःच वेग धरून ठेवते. बॅटरी भरली की मोटर इंजिनाला पेट्रोल न देता फिरवायला लागते आणि त्या फिरण्यात उरलेली ऊर्जा संपवते. इंजिन अचानक गुरगुरतं, आरपीएम वाढतात. पहिल्यांदा आई मागून ओरडली होती, "अरे, गाडीला काय झालं?" काही झालेलं नसतं, पेट्रोलही जळत नसतं. ब्रेक तापण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. सपाटीला मात्र बी विसरून ठेवू नका. तिथे घरंगळता येत नाही आणि नुकसान होतं.

न्यूट्रल टाकून घाट उतरणं ही जुनी खोड हायब्रिडमध्ये दुहेरी मूर्खपणाची आहे. वीज बनत नाही आणि इंजिनाचा आधारही जातो, सगळा भार ब्रेकवर. पावसाळ्यात आंबोलीत धुकं असताना तर विचारही नको.

तळाला आलात की डबा भरलेला असतो. तिथून पुढे गाडी दीड-दोन किलोमीटर आवाज न करता जाते.

गोव्यात

पेट्रोल गोव्यात भरा. गेली अनेक वर्षं महाराष्ट्रापेक्षा तिथे लिटरमागे काही रुपये कमी आहेत. म्हणून जाताना कोल्हापुरात टाकी फुल करायची नाही, पुरेल एवढंच टाकायचं. येताना पत्रादेवीचा नाका ओलांडायच्या आधी पहिल्या कटपर्यंत भरायची.

तिथे फिरताना ॲव्हरेज पडलेलं दिसेल. घाबरू नका. थंड इंजिन पहिली काही मिनिटं स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायला चालू राहतं, बॅटरी भरलेली असली तरी. सकाळी पावाला एक चक्कर, दुपारी माशाला एक, संध्याकाळी बीचला एक, प्रत्येक वेळी हा दंड. कामं एकाच चकरेत उरकली तर फरक दिसतो. सुट्टीवर एवढा विचार करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पावाला चालत जातो.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल सगळे विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा तीन-साडेतीन टक्के. याला तुमचा पाय काही करू शकत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या वहीतल्या आकड्यांशी आजचे ताडताना तेवढं वजा धरा.

पायरी ६: परतीचा चढ

आंबोली चढायला, सपाटीला जेवढं लागलं असतं त्याच्या वर, साधारण एक लिटर जास्त लागतं. ते लागणारच. वाढवायचं नाही एवढंच आपल्या हातात. बॅटरीची मदत पहिल्या दोन-तीन वळणांत संपते, मग दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन एकटं. पाय पूर्ण दाबला की ते एका सुरात केकाटतं आणि गाडी मात्र त्या मानाने सरकत नाही. या गिअरबॉक्सचा स्वभावच तसा आहे. ४० च्या आसपास एकसारखा वेग धरा, वळणाआधी ब्रेक आणि वळणानंतर जोर असं करू नका. एसटीच्या मागे अडकलात तर ओव्हरटेकची धडपड न करता तिच्या मागेच राहा. एसटीचा ड्रायव्हर हा घाट आपल्यापेक्षा चांगला चालवतो, त्याचा वेग बघून शिकण्यासारखं आहे.

वर आल्यावर पडद्यावरचं ॲव्हरेज एक-दीडने पडलेलं असेल. आजऱ्यापर्यंत त्याकडे बघू नका.

घरी आल्यावर

त्याच पंपावर टाकी भरा आणि भागाकार करा. भरलेल्या मध्यम एसयूव्हीने एसी लावून, ८०-८५ ने, घाटासकट २० ते २२ दिले तर गाडी ठणठणीत आहे. सगळं नीट करूनही १७-१८ च्या वर जात नसेल तर एक सोपी तपासणी करा. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरत जा, थांबा आणि चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. हायब्रिडमध्ये साधे ब्रेक फार कमी वापरले जातात, म्हणून पावसाळ्यानंतर ते गंजून अडकतात. सर्व्हिसिंगला सांगताना 'ॲव्हरेज कमी आहे' असं सांगू नका, त्याला 'हायवेवर असंच असतं, साहेब' हे उत्तर तयार असतं. 'मागचं डावं चाक तापतंय' असं सांगा. सोबत व्हील अलाइनमेंट आणि एअर फिल्टर बघायला सांगा.

दुसऱ्या फेरीत वाचलेलं पेट्रोल साडेबारा लिटर, म्हणजे बाराशे-तेराशे रुपये. नंतर कोल्हापुरात भेट झाली तेव्हा मेहुण्याला २२.१ सांगितले. त्याने त्याचे अठरा सांगितले, मग जरा थांबून म्हणाला, "पण दाजी, तुम्ही पोचला किती वाजता?"